डोंगरावरची गावे, पायथ्याची स्टेशने

नाशिक रोड, सावंतवाडी रोड, राजापूर रोड ही स्टेशनांची नावे तुमच्या कानांवरून गेलेली असतील. स्टेशनच्या नावापुढे 'रोड' आले की समजावे, गाव इथे नाही. गावाकडे जाणारा रस्ता इथून फुटतो. सामान उतरवून घ्यायचे, बाहेर यायचे आणि एस. टी. उभी आहे का ते पाहायचे. रात्री साडेनऊला अशा स्टेशनवर उतरून, "शेवटची गाडी आत्ताच गेली हो," हे वाक्य ज्याने एकदा तरी ऐकले असेल, त्याला माझे आजचे बोलणे लवकर समजेल.

विषय मात्र दूरचा आहे, इटलीचा. मध्य इटलीत तोस्काना आणि उंब्रिया असे दोन प्रांत आहेत. तिथे डोंगराच्या माथ्यावर, तटबंदीच्या आत वसलेली जुनी गावे जागोजाग दिसतात. शरद ऋतूत, म्हणजे साधारण आपल्या दिवाळीच्या सुट्टीत, ही गावे पाहायला जायचे, तेही भाड्याची मोटार न घेता, आगगाडीने आणि बसने. हे जमते का? पुष्कळ लोक सांगतात, जमत नाही. मला मोटार चालवता येत नाही, त्यामुळे माझ्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. २०२४ च्या ऑक्टोबरात मी आणि माझी पत्नी असे दोघे जाऊन आलो. जमले, पण एकदा चांगलेच फसलो. ते कसे, तेही सांगणार आहे.

आधी जाण्याचे कारण सांगतो. माझे चुलत आजोबा मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते. ते 'इटाली' म्हणत. लढाईबद्दल फारसे बोलत नसत. एवढेच म्हणत, "अरे, सगळी गावं रायगडासारखी. ते वर, आम्ही खाली. एक गाव घेतलं की पुढच्या डोंगरावर दुसरं उभंच." आमच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे त्याच देशात पडले. १० जुलै १९४४ रोजी, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे जवान मशिनगनच्या माऱ्यात मेले किंवा घायाळ झाले. तेव्हा ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले, हातबाँब टाकून त्यांनी मशिनगन बंद पाडली, आणि बंदुकीत गोळ्या भरायला वेळ उरला नाही म्हणून उरलेल्या दोघांशी बंदुकीच्या दस्त्याने लढले. ते जिंकले, आणि लगेच शत्रूच्या गोळीने पडले. वय बावीस वर्षांचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत असे वीस क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा हिंदी जवानांचे होते. घाडग्यांची कबर माहीत नाही; कासिनो येथील युद्धस्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ च्या जुलैमध्ये उंब्रियातल्या मोन्तोने नावाच्या छोट्या डोंगरगावी त्यांच्या नावे सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभारले गेले. ते वाचले आणि मनाने घेतले, की मोन्तोनेला जायचे. मग नकाशा उघडला. मोन्तोनेला रेल्वे नाही.

तिथूनच बेत सुरू झाला.

ही गावे वर का, हे आपल्या मुलुखातल्या माणसाला समजावून सांगायला नको. शत्रू खालून येतो. शिवाय तिकडच्या दऱ्यांत पाणथळ आणि हिवताप. मलेरिया हा शब्दच मुळी इटालियन आहे, त्याचा अर्थ 'वाईट हवा'. कोर्तोना गावाच्या पायथ्याशी क्याना नावाचे सपाट, सुपीक खोरे दिसते. ते कित्येक शतके दलदल होते. रोमन लोकांच्याही आधी तिथे एत्रुस्कन लोक होते, त्यांनीही टेकड्यांचे माथेच पसंत केले. पुढे एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली. रेल्वेला चढ नको असतो, ती नदीच्या काठाकाठाने गेली. गाव वर राहिले, स्टेशन खाली पडले. आपण 'रोड' म्हणतो, तिकडे अशा खालच्या वस्तीला पुष्कळदा 'स्कालो' म्हणतात. स्कालो म्हणजे धक्का, उतारू उतरण्याची जागा.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की गावाचे नाव असलेल्या स्टेशनवर उतरलात म्हणजे गावात पोहोचलात असे नाही. खालून वर कसे जायचे, याचे उत्तर प्रत्येक गावाने आपापल्या परीने काढले आहे, आणि ती उत्तरे पाहण्यातच निम्मा आनंद आहे.

ओर्व्हिएतो घ्या. रोमहून साध्या गाडीने सव्वा-दीड तासाचे अंतर. ज्वालामुखीच्या दगडाचा एक उभा कडा, त्याच्या सपाट माथ्यावर शहर. स्टेशनच्या बाहेर आलात की समोरच दोरीवर ओढली जाणारी उतरत्या रुळांची गाडी आहे. ती १८८८ साली सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चाले. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे. तो जड होऊन खाली येई आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा वर चढे. आपल्याकडच्या रहाटाला बांधलेल्या दोन घागरींसारखेच. १९७० मध्ये ती बंद पडली आणि १९९० मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. वर पोहोचताच जवळच एक विहीर आहे, पोप सातवा क्लेमेंट याने १५२७ साली सुरू करवलेली. तिच्यात उतरायला २४८ पायऱ्यांचा एक जिना आणि चढायला तेवढ्याच पायऱ्यांचा दुसरा. दोन्ही एकमेकांभोवती गुंफलेले, पण कुठेही न भेटणारे, म्हणजे पाणी आणायला उतरणारे खेचर वर येणाऱ्या खेचराच्या वाटेत येऊ नये. पायऱ्या उतरताना मला आपल्या बारवांची आठवण झाली. चढताना मात्र कसलीच आठवण झाली नाही.

पेरुजा हे उंब्रियाचे मुख्य शहर. तिथे स्टेशनपासून वर जायला २००८ साली सुरू झालेली छोट्या छोट्या डब्यांची गाडी आहे, पुन्हा दोरावर ओढली जाणारी. दुसरी वाट बसस्थानकाकडून, सरकत्या जिन्यांची. हे जिने एका गाडलेल्या गावातून जातात, हे अक्षरशः खरे आहे. १५४० साली पोप तिसरा पॉल याने मिठावरचा कर वाढवला. पेरुजाने बंड केले, ते मोडले गेले, आणि शहराला कायमचा धाक बसावा म्हणून पोपने लोकांच्या राहत्या घरांवर आणि गल्ल्यांवर किल्ला बांधला. १८६० मध्ये पोपची सत्ता जाताच लोकांनी तो किल्ला पाडायला घेतला. तळातल्या गल्ल्या मात्र तशाच राहिल्या. १९८३ पासून माणसे सरकत्या जिन्यावर उभी राहून त्यांतून कामावर जातात. उंब्रियातला पाव आजही बिनमिठाचा असतो, आणि तो त्या कराच्या रागापासून, असे तिथले लोक सांगतात. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या कथेची खात्री देता येणार नाही. पण मिठाचा कर आणि लोकांचा राग यांचे नाते आपल्याला कोणी शिकवायला नको.

असीसीचे स्टेशन खालच्या वस्तीत, गावापासून चारपाच किलोमीटरवर. बाहेरच गावची बस मिळते. कोर्तोनाचेही तसेच. सान जिमिन्यानोला रेल्वे नाही. पोज्जीबोन्सीला उतरून बस धरायची. सिएनाला आगगाडीने गेलात तर स्टेशनसमोरून सरकत्या जिन्यांची मोठी रांग चढावी लागते. फ्लोरेन्सहून बसने गेलात तर ती गावाच्या अगदी जवळ सोडते. म्हणजे आगगाडी नेहमीच सोयीची असे नाही.

तिकिटांचे थोडक्यात सांगतो. या भागात तुम्हाला लागतात त्या प्रादेशिक गाड्या. त्यांचे भाडे ठरलेले असते, दोन महिने आधी काढून एक पैसा वाचत नाही. महिनोन्‌महिने आधी तिकिटे काढायची ती मोठ्या शहरांमधल्या वेगवान गाड्यांची. कागदी तिकीट घेतलेत तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड. बसचे तिकीट शक्यतो आधीच, तंबाखूच्या दुकानातून घ्यावे. त्या दुकानावर मोठे 'टी' अक्षर असते. दुकान दुपारी तीन-चार तास बंद असते, हे ध्यानात ठेवा.

आता खरा मुद्दा. ओर्व्हिएतो, पेरुजा ही मोठी ठिकाणे. लहान गावांना बस असते, आणि ती प्रवाशांसाठी नसते. हे माझ्या पत्नीच्या ध्यानात आले, माझ्या नाही. ती प्राथमिक शाळेत शिकवते. घरी वेळापत्रक पाहत बसलो असताना म्हणाली, "अहो, ही तर शाळेची गाडी आहे. सकाळी मुलं खाली नेते, दुपारी वर आणते. मधे काहीच नाही." अगदी तसेच आहे. आपल्या आडगावाला मुक्कामाची गाडी असते, पहाटे शाळा-कॉलेजची पोरे घेऊन तालुक्याला जाते, तोच प्रकार. तिकडच्या शाळा सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास उघडतात आणि तेव्हाच या गाड्या सुरू होतात. म्हणून उन्हाळ्यापेक्षा शरद ऋतू बरा. गर्दी कमी, द्राक्षांची तोडणी संपत आलेली, ऑलिव्हची सुरू झालेली, आणि शाळेची गाडी चालू. ऑगस्टात येणाऱ्या श्रीमंत पाहुण्याला जी बस मिळत नाही ती आपल्याला मिळते.

पण वेळापत्रक वाचता आले पाहिजे. त्यात तीन शब्द येतात. 'स्कोलास्तिको' म्हणजे शाळेच्या दिवशी. 'फेस्तीवो' म्हणजे रविवार आणि सणवार. आणि 'फेरियाले'. या तिसऱ्या शब्दाने माझा घात केला. इटालियनमध्ये 'फेरिए' म्हणजे सुट्टी, एवढे मला ठाऊक होते. त्यावरून 'फेरियाले' म्हणजे सुट्टीचा दिवस, असे मी ठरवून टाकले. अर्धवट ज्ञान कसे असते ते पाहा. फेरियाले म्हणजे नेमका उलट, कामाचा दिवस, सोमवार ते शनिवार. रेल्वेच्या फलकांवर यासाठी दोन हातोड्यांची फुली काढतात, सणासाठी क्रूस. हातोडा पाहून तरी मला कळायला हवे होते. पण तो बसचा कागद होता, त्यावर हातोडा नव्हता.

शनिवारी ओर्व्हिएतोहून बसने आम्ही बान्योरेजोला गेलो. तिथून पुढे चिविता नावाची वस्ती आहे. मातीच्या कड्यावर उभी, कडा दर वर्षी थोडा ढासळतो, पायपुलावरून चालत जावे लागते. पाहण्यासारखी आहेच. रात्री बान्योरेजोत राहिलो. रविवारी सकाळच्या बसने ओर्व्हिएतो, तिथून पेरुजाची गाडी, तेरोन्तोलाला बदलून. सगळे वहीत लिहिलेले. सकाळी थांब्यावर उभे राहिलो. धुके दाट होते. अर्धा तास झाला, पाऊण झाला. एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन जात होते. त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला, 'फेरियाले'वर बोट ठेवले आणि मान हलवली. मग माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून पुन्हा मान हलवली. तो ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. त्या रात्री युरोपात बहुतेक ठिकाणी घड्याळे एक तास मागे घेतात. मोबाईल आपोआप मागे गेला होता, तो पिशवीत होता. मी आपला मनगट पाहत होतो. म्हणजे जी बस नव्हतीच, तिच्यासाठी आम्ही एक तास आधी येऊन थांबलो होतो. पत्नी काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते. शेवटी टॅक्सी करावी लागली. तिला जे पडले त्यात आमची दोन दिवसांची जेवणे झाली असती.

त्या दिवशी दुपारी गाडीत बसून मी वहीतला सगळा बेत खोडला आणि उलटा मांडला. एरवी आपण विचार करतो, सकाळी कसे जायचे. डोंगरगावाला हा विचार चालत नाही. आधी पाहायचे, तिथून खाली येणारी त्या दिवसाची शेवटची बस कोणती. ती लिहायची. तिच्या आधीची एक शोधायची. ती नसेल तर त्या गावी त्या दिवशी जायचे नाही, किंवा राहायच्या तयारीने जायचे. मग जाण्याची गाडी. रविवार आणि सण मोठ्या, रेल्वेच्या गावात काढायचे. लहान गावे सोमवार ते शुक्रवारात. आमच्या वेळी १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण, शुक्रवारी आला होता, तो आम्ही पेरुजातच काढला. ४ ऑक्टोबर हा असीसीच्या संत फ्रान्सिसचा दिवस. तो २०२६ पासून इटलीत पुन्हा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस ठरवला आहे, तेव्हा त्या सुमारास जाणाऱ्यांनी तेही धरावे. घड्याळे मागे गेल्यावर सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिवस आपल्या पौषातल्यापेक्षाही लहान. शिवाय संप. तिकडे संप जाहीर करून होतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात प्रादेशिक आगगाड्यांची किमान सेवा चालू ठेवतात. बाकीच्या वेळेचा भरवसा धरू नये.

शिक्षक मंडळींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, आणि तीस हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. राहण्याची ठिकाणेही दाखवावी लागतात. म्हणून मुक्काम दोनच ठेवा, एक ओर्व्हिएतोला, एक पेरुजाला, आणि तिथून रोज जाऊन-येऊन करा. सामान घेऊन रोज नवा डोंगर चढू नये. आमच्या आजोबांना चढावे लागले, आपल्याला कोणी हुकूम दिलेला नाही.

मंगळवारी मोन्तोने. पेरुजाहून तिबेरच्या खोऱ्याने वर उम्बेर्तिदेपर्यंत. हीच नदी पुढे रोममधून वाहते; इथे ती आपल्या काळ नदीएवढीच आहे. उम्बेर्तिदेला शाळा सुटल्यावरच्या बसमध्ये चढलो. बस पोरांनी भरलेली. दप्तरे, आरडाओरडा, एकाच्या हातात अर्धे खाल्लेले सफरचंद. आम्हा दोघांना पाहून क्षणभर सगळी गप्प झाली. मग ड्रायव्हरने विचारले, कुठे? मी म्हटले, मोन्तोने, आणि कागदावर 'घाडगे' हे नाव दाखवले. त्याला ते वाचता येईना. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मान वाकवून पाहिले आणि वाचले, तिच्या पद्धतीने, 'गाद्जे'.

गाव एका फेरीत पाहून होते. दगडी गल्ल्या, पायऱ्या, तटाच्या कडेला उभे राहिले की खाली खोरे. उतारावर ऑलिव्हची झाडे, त्यांच्याखाली पसरलेल्या जाळ्या, शिडीवर माणसे. १९४४ च्या जुलैत हे सगळे कसे दिसत असेल, ते मी पाहायचा प्रयत्न केला. जमले नाही. एवढेच कळले, की वरून खालचा प्रत्येक माणूस दिसतो. शेतातला, रस्त्यावरचा, झाडाआडचासुद्धा. 'ते वर, आम्ही खाली' म्हणजे काय, हे चाळीस वर्षे ऐकून जे कळले नव्हते ते तिथे कठड्याला हात लावून उभे राहिल्यावर कळले.

स्मारकापाशी गेलो तेव्हा ढग होते. सूर्यघड्याळावर सावली पडली नव्हती, त्यामुळे किती वाजले ते त्याने सांगितले नाही. त्याला उन्हाळी वेळ आणि हिवाळी वेळ यांतला फरकही ठाऊक नसणार. आम्ही माणगावहून आणलेली चिमूटभर माती तिथे ठेवली आणि थोडा वेळ उभे राहिलो.

मग परतीचा थांबा. वहीत लिहिलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी आम्ही तिथे होतो. मी मोबाईल पाहिला, मनगट पाहिले, कागदावरचे 'फेरियाले' पुन्हा वाचले. मंगळवार होता, शाळेचा दिवस होता, सगळे बरोबर होते. वेळ झाली, बस आली नाही. अंधारू लागले होते. चार मिनिटांनी वळणावर दिवे दिसले. त्या चार मिनिटांत आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

त्या दिवशी धनत्रयोदशी होती. पेरुजाला खोलीवर आलो तेव्हा पत्नीने बॅगेतून घरच्या वाती काढल्या. कणीक कुठली मिळायला! सकाळचा बिनमिठाचा पाव उरला होता, तो मधोमध कोरून तिने त्यात तिथलेच ऑलिव्हचे तेल घातले. दक्षिण कुठली ते मोबाईलवर पाहिले आणि यमदीप त्या बाजूच्या खिडकीत ठेवला.